हरवलेली चित्रफीत, सापडलेला आवाज : फिस्क ज्युबिली गायकांच्या पुराव्याचा विचार

१

एखादे जुने ध्वनिमुद्रण किंवा एखादी जुनी चित्रफीत सापडली, की तिचे स्वागत बहुधा 'अस्सल' या एकाच विशेषणाने होते. ज्याविषयी आजवर केवळ वाचत आलो ते आता प्रत्यक्ष कानी पडले, डोळ्यांस दिसले. तेव्हा जुन्या वादांचा निकाल लागला, असे अभ्यासकासही वाटू लागते. ही समजूत कितपत ग्राह्य धरावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते अमेरिकेतील नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठाच्या ज्युबिली गायकवृंदाचे. विद्यार्थ्यांच्या या गायकवृंदासंबंधी चार प्रकारचा पुरावा आपल्यापुढे आहे. १८७२ साली छापलेले स्वरलेखन, १९०९ पासूनच्या ध्वनिमुद्रिका, या गायनपद्धतीवर घेतले गेलेले आक्षेप आणि याच परंपरेतील एका भगिनी-संस्थेच्या, आज उपलब्ध नसलेल्या चित्रफिती, असे ते चार प्रकार होत. हे चारही पुरावे एकमेकांस पूरक आहेत, तसेच ते एकमेकांची साक्ष खोडूनही काढतात. आणि समीक्षकाचे काम नेमके तेथेच सुरू होते.

सापडलेल्या पुराव्यास तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. हे गायन कोणी केले आणि कोणापुढे केले? यंत्राने त्यातील काय घेतले आणि काय वगळले? आणि पूर्वीच्या पुराव्याशी ते कोठे जुळत नाही? यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. जो पुरावा सर्वत्र जुळतो तो आपल्या ज्ञानात भर घालत नाही, केवळ आपला आत्मविश्वास वाढवितो.

२

फिस्क विद्यापीठ १८६६ साली, म्हणजे यादवी युद्ध संपल्यानंतर वर्षाच्या आतच, सुरू झाले. नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना शिक्षण देण्यासाठी निघालेली ही संस्था पाच वर्षांतच बंद पडण्याच्या बेतास आली. संस्थेचे कोषाध्यक्ष जॉर्ज व्हाइट हेच गायनही शिकवीत. त्यांनी ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थी बरोबर घेऊन निधी मिळविण्यासाठी दौरा काढला. त्या नऊ जणांत पाच तरुणी व चार तरुण होते, आणि बहुतेकांचा जन्म गुलामगिरीत झालेला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या गुलामगीतांसाठी, म्हणजे 'स्पिरिच्युअल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गीतांसाठी, हा गायकवृंद पुढे जगप्रसिद्ध झाला, ती गीते आरंभीच्या कार्यक्रमांत प्रमुख नव्हती. श्रोत्यांपुढे मुख्यतः त्या काळची सभ्य, लोकप्रिय गीतेच गाइली जात. वृंदाच्या पियानोवादक व साहाय्यक मार्गदर्शिका एला शेपर्ड यांनी पुढे नमूद केले आहे, की ही गीते त्यांच्या आईबापांना पवित्र होती, ती गुलामीच्या अंधाऱ्या काळाशी निगडित होती, आणि परक्यांपुढे ती गाण्यास गायक नाखूष होते. ओहायो प्रांतातील ओबर्लिन येथे नोव्हेंबर १८७१ मध्ये धर्मोपदेशकांच्या परिषदेपुढे त्यांनी ती गाइली तेव्हा सभा हेलावून गेली. आणि त्यानंतर कार्यक्रमाचा तोल हळूहळू या गीतांकडे झुकला. जुन्या करारात सांगितलेल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या पन्नासाव्या वर्षावरून व्हाइट यांनी वृंदास 'ज्युबिली' हे नाव दिले. १८७२ साली वृंद अध्यक्ष ग्रँट यांच्यापुढे आणि १८७३ साली इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढे गायिला. या दौऱ्यांच्या उत्पन्नातून उभारलेल्या 'ज्युबिली हॉल' या इमारतीचे १८७६ च्या आरंभी उद्‌घाटन झाले.

म्हणजे आपण ज्यास 'मूळ' ज्युबिली गायन म्हणतो, तेच मुळी एका स्थित्यंतरातून जन्मलेले आहे. देवळात उभे राहून म्हटलेले भजन आणि तिकीट लावून रंगमंचावर म्हटलेले भजन यांत शब्द आणि चाल एक असूनही जो भेद पडतो, तो आपल्या वाचकांस वेगळा सांगावयास नको. पहिल्यात ऐकणारा कोणी उरत नाही, सारेच गाणारे असतात. दुसऱ्यात गाणारे थोडे व ऐकणारे पुष्कळ असतात. फिस्कच्या विद्यार्थ्यांनी हे अंतर ओलांडले ते हौसेने ओलांडले नाही. संस्था वाचविण्याच्या निकडीने ओलांडले. त्यांच्या कलेची चिकित्सा करताना या निकडीचा विसर पडता कामा नये.

३

या गीतांचे पहिले मोठे मुद्रित संकलन फिस्कच्या आधीचे आहे. ॲलन, वेअर व गॅरिसन यांचे 'स्लेव्ह साँग्ज ऑफ द युनायटेड स्टेट्स' १८६७ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या संपादकांचा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे. सर्व जण एकत्र गात असले तरी कोणतेही दोन कंठ नेमके तेच गात नाहीत, आणि युरोपीय स्वरलिपीत हे पकडता येत नाही, असे त्यांनी प्रस्तावनेत सांगून टाकले. त्यांनी केवळ एकेरी चाल दिली.

थिओडोर सेवर्ड यांनी १८७२ साली फिस्क वृंदाची गीते 'ज्युबिली साँग्ज' या नावाने स्वरलेखनासह छापली. निम्म्याहून अधिक गीतांत सप्तकातील चौथा व सातवा स्वर येत नाही, असे त्यांनी निदर्शनास आणले. आपल्या परिभाषेत बोलावयाचे, तर मध्यम व निषाद वर्ज्य. म्हणजे स्वरांच्या हिशेबाने आपला भूप. परंतु स्वर सारखे म्हणून राग सारखा होत नाही, हे आपल्याकडील कोणताही विद्यार्थी जाणतो. भूप आणि देशकार यांचे स्वर एकच असून त्यांची प्रकृती भिन्न आहे. ती चलनाने, न्यासाने आणि स्वरलगावाने ठरते. सेवर्ड यांच्या स्वरलेखनाची मर्यादा हीच आहे. त्याने स्वरांची यादी जपली, परंतु त्यांचे चलन त्याच्या हाती लागले नाही. लिपीत सर्व मात्रा सारख्या अंतरावर उभ्या राहतात. गाणाऱ्याचा श्वास त्यांना लांबवितो अथवा आवळतो, त्याची नोंद कागदावर होत नाही.

तरीही या पुस्तकास दोष देऊन भागणार नाही. 'स्विंग लो, स्वीट चॅरिअट' यासारखे गीत जगभर पसरले ते याच छापील पानांवरून. नोंद अपुरी असूनही ती प्रसाराचे कारण ठरली, आणि मग त्या नोंदीबरहुकूम गाणाऱ्यांची पिढी तयार झाली. लेखन हे गायनाचे केवळ प्रतिबिंब राहत नाही. ते पुढील गायनास वळण लावते.

४

१९०९ च्या डिसेंबरात फिस्कच्या चार गायकांनी व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले. जॉन वेस्ली वर्क (दुसरे), जेम्स मायर्स, आल्फ्रेड किंग आणि नोआ रायडर हे ते चौघे. वर्क हे फिस्कमध्ये लॅटिन व इतिहास शिकवीत. त्यांनी आपले बंधू फ्रेडरिक यांच्यासह १९०१ साली या गीतांचा एक संग्रह प्रसिद्ध केला होता, आणि १९१५ साली 'फोक साँग ऑफ दि अमेरिकन निग्रो' हे विवेचनात्मक पुस्तक लिहिले. या मुद्रिका पुढे जवळजवळ विस्मृतीत गेल्या होत्या. गेल्या तीन-चार दशकांत त्यांची पुनर्मुद्रणे निघाली. टिम ब्रूक्स यांच्या 'लॉस्ट साउंड्स' (२००४) या ग्रंथाने आरंभीच्या ध्वनिमुद्रण-व्यवसायातील कृष्णवर्णीय कलावंतांचा इतिहास प्रथमच सविस्तर मांडला. तत्पूर्वी, अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-नोंदवहीच्या २००२ च्या पहिल्याच यादीत फिस्कच्या 'स्विंग लो'चा समावेश झाला होता.

आता आपले तीन प्रश्न या मुद्रिकेस विचारू.

पहिला : हे गायन कोणाचे? १८७१ च्या नऊ जणांपैकी एकही येथे नाही. मधे ३८ वर्षे लोटली आहेत. शिवाय येथे चारही पुरुष आहेत. मूळ वृंदात स्त्रियांची संख्या अधिक होती, आणि त्याच्या तालमींचा भार एला शेपर्ड यांच्यावर होता. वृंदाचा जो आवाज १८७३ साली इंग्लंडने ऐकला तो स्त्रीपुरुषांचा मिश्र आवाज होता. १९०९ ची मुद्रिका त्याविषयी काहीच सांगू शकत नाही. चार पुरुषांची चौकडी हा 'ज्युबिली' गायनाचा आद्य नमुना आहे, असे केवळ या मुद्रिका ऐकून कोणी म्हणेल, तर ते पुराव्याच्या अपघातास इतिहासाचे नाव देण्यासारखे होईल.

दुसरा : यंत्राने काय वगळले? विद्युत्-ध्वनिमुद्रण १९२५ नंतर रूढ झाले. १९०९ साली गायकांना एका कर्ण्यासमोर दाटीने उभे राहावे लागे. मंद आवाज त्यात उमटत नसे आणि फार मोठा आवाज सुईस झेपत नसे. तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपे. म्हणजे जे गीत सभेत भाविकांच्या मनाप्रमाणे कितीही वेळ चालावयाचे, ते येथे घड्याळाने कापले गेले. तबकडी नेमकी कोणत्या गतीने फिरवावी याविषयीही त्या काळी काटेकोरपणा नव्हता; गती थोडी बदलली तरी स्वर चढतो किंवा उतरतो. मूळ पट्टी अमुकच होती, असे छातीठोकपणे सांगताना हे स्मरणात असावे.

तिसरा : ते कोठे जुळत नाही? येथेच या मुद्रिकेचे खरे मोल आहे. छापील पानावर एकट्याची ओळ व समूहाची ओळ एकामागून एक येतात; वाचणाऱ्यास ती पदाची साधी विभागणी वाटते. ऐकताना मात्र कळते, की गीताचा घाटच पुकारा आणि प्रतिसाद यांच्या संबंधावर उभारलेला आहे. एकटा गायक ओळ अर्ध्यावर सोडतो, आणि ती पुरी करण्याचे दायित्व इतरांवर येते. वाद्यांची साथ नसल्याने लय राखणारे दुसरे कोणी नाही. चौघे एकमेकांच्या श्वासावर लय तोलतात. ही गोष्ट सेवर्ड यांच्या पानांवर नाही. तसेच, प्रशिक्षित उच्चार, स्वरसंवादाची रेखीव बांधणी आणि संयत भाव हेही येथे स्पष्ट आहेत. आणि ही गोष्ट १८६७ च्या संपादकांनी वर्णिलेल्या, कोणतेही दोन कंठ एकसारखे न गाणाऱ्या समूहगायनात नाही. मुद्रिका दोन्ही कागदी पुराव्यांशी एकेका बाजूने विसंवाद साधते. ती एका मधल्या अवस्थेची साक्ष आहे, आणि तशीच ती वाचली पाहिजे.

५

या गायनावरील सर्वांत तिखट आक्षेप झोरा नील हर्स्टन यांनी १९३४ साली नॅन्सी क्यूनार्ड यांच्या 'निग्रो' या संकलनात मांडला. खरी स्पिरिच्युअल गीते कोणत्याही श्रोतृवर्गापुढे आजवर आलेलीच नाहीत. सभागृहांतून ऐकू येतात ती 'नव-स्पिरिच्युअल' होत, असा त्यांचा पक्ष. खऱ्या गायनात समूह असतो. त्याचा रोख ध्वनीच्या परिणामावर नसून भावनेच्या प्रकटीकरणावर असतो. त्यातील स्वरसंवाद ओबडधोबड असतो. आणि प्रत्येक गायन ही नवी निर्मिती असते, असे त्या म्हणतात. हर्स्टन स्वतः दक्षिणेत वाढलेल्या, लोकसाहित्याचे प्रत्यक्ष क्षेत्रकार्य केलेल्या. त्यांचे वर्णन हलक्याने घेता येत नाही.

वर्णन मान्य करूनही त्यांच्या निष्कर्षाविषयी एक तार्किक अडचण उरते. प्रत्येक गायन ही नवी निर्मिती असेल, तर न बदललेले असे मूळ गीत मुळातच संभवत नाही. आणि मग केवळ बदलले म्हणून फिस्कचे गायन खोटे ठरविता येत नाही. हर्स्टन यांचा खरा आक्षेप बदलाविरुद्ध नसून श्रोत्याच्या आगमनाविरुद्ध आहे, असे मला वाटते. समूहगीतास बाहेरून ऐकणारा मिळाला, की गाणाऱ्याचे लक्ष आपापसांतून उठून त्याच्याकडे वळते. गीत सुबक होते आणि त्याची दारे मिटतात. १९०९ च्या मुद्रिकेत पायांचा ठेका नाही, मधेच उठणारी आरोळी नाही. ही हानी खरी आहे, आणि हर्स्टन यांनी ती अचूक हेरली.

परंतु हानीच्या हिशेबात लाभाची बाजूही मांडली पाहिजे. ज्या समाजाच्या गीतांची नक्कल चेहऱ्यास काळे फासून गोरे विदूषक करीत होते, त्या समाजातील विद्यार्थी स्वतःच्या चेहऱ्याने, स्वतःच्या संस्थेसाठी ती गीते गंभीरपणे गाऊ लागले. फिस्कचेच १८८८ चे पदवीधर डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' (१९०३) या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण याच शोकगीतांस दिले. आणि ज्युबिली हॉलच्या विटांतून त्यांस ती गीते जाणवत, ही त्यांची भावना केवळ अलंकारिक नव्हती. ती इमारत खरोखरच गाण्याच्या पैशांवर उभी राहिली होती. गीताची शुद्धता आणि गाणाऱ्याची प्रतिष्ठा ही दोन मूल्ये येथे परस्परांच्या विरोधात उभी राहतात. कोणत्याही एका मूल्याच्या नावाने दुसरे रद्द करणारी समीक्षा सोपी असते, पण ती न्याय्य नसते.

६

आता चित्रफितीकडे वळू. फिस्कप्रमाणेच व्हर्जिनियातील हॅम्प्टन संस्थेचाही विद्यार्थी-गायकवृंद १८७३ पासून दौरे करीत होता. या संस्थेने १९१३ पासून निधिसंकलनासाठी चित्रपट काढले. 'जॉन हेन्री ॲट हॅम्प्टन' (१९१३) हा त्यांतील एक. या चित्रपटांचे प्रयोग भाषणे व हॅम्प्टनच्या गायकांचे गायन यांसह होत. यांतील चित्रपट आज उपलब्ध नाहीत. ॲलिसन नादिया फील्ड यांनी 'अपलिफ्ट सिनेमा' (२०१५) या ग्रंथात पत्रव्यवहार, पत्रके व वृत्तपत्रे यांच्या आधारे या हरवलेल्या चित्रपटांचा अभ्यास केला आहे. वस्तू नष्ट झाली तरी तिच्याविषयीचा अभ्यास अशक्य होत नाही, हे या ग्रंथाने दाखवून दिले.

या इतिहासातील एक घटना विशेष बोधप्रद आहे. कृष्णवर्णीयांची विटंबना करणारा ग्रिफिथ यांचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट १९१५ साली बॉस्टन येथे दाखविला गेला, तेव्हा हॅम्प्टनच्या चित्रणातून तयार केलेला 'द न्यू एरा' हा छोटा चित्रपट त्यास उपसंहार म्हणून जोडण्यात आला. संस्थेने त्यास संमती दिली होती. मूळ चित्रपटाचे विष याने उतरेल, ही तिची आशा होती. टीकाकारांच्या मते मात्र त्याने त्या चित्रपटास सभ्यतेचे प्रमाणपत्र मिळाले. चित्रफीत एकच, पण ती कशाच्या शेजारी दाखविली जाते यावर तिचा अर्थ ठरतो. उद्या 'द न्यू एरा' सापडला आणि आपण तो एकटाच पाहिला, तर १९१५ च्या बॉस्टनमधील प्रेक्षकाने पाहिलेला चित्रपट आपण पाहिला, असे म्हणता येणार नाही.

गायनाच्या बाबतीत ही अडचण आणखी गहन होते. या फितींपैकी एखादी उद्या मिळाली तरी ती मूकच असेल; पडद्याशेजारी उभे राहून गाणाऱ्या विद्यार्थ्यांचा आवाज तिच्यात नसणार. उलट, १९०९ च्या मुद्रिकेत आवाज आहे, पण गाणाऱ्यांची उभे राहण्याची ढब, परस्परांकडे पाहणे, श्रोत्यांचे चेहरे हे काहीच नाही. त्या काळाने आवाज आणि रूप वेगवेगळ्या पेट्यांत ठेवले. बोलपट आला तेव्हा दोन्ही एकत्र आली खरी. किंग व्हिडॉर यांच्या 'हॅलेलुया' (१९२९) या चित्रपटात इव्हा जेसी यांच्या मार्गदर्शनाखालील 'डिक्सी ज्युबिली सिंगर्स' गायिले. परंतु तोवर 'ज्युबिली' हे नाव विद्यापीठाच्या अंगणातून निघून बाजारात रुळले होते, आणि गीत हॉलीवूडच्या कथानकाचे सेवक बनले होते.

सापडलेल्या फितीने इतिहास बदलतो, याचेही उदाहरण देणे न्यायाचे होईल. 'समथिंग गुड – निग्रो किस' (१८९८) या अगदी अल्प लांबीच्या चित्रपटाची प्रत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात मिळाली, तिची ओळख २०१७ साली पटविण्यात आली, आणि २०१८ साली ती राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत गेली. एका कृष्णवर्णीय जोडप्याचे सहज, प्रसन्न प्रेम त्यात दिसते. विडंबनाखेरीज त्या काळच्या पडद्यावर काही नव्हतेच, ही समजूत त्या काही सेकंदांनी खोटी ठरविली. येथेही मोल आहे ते न जुळण्याचे.

७

हरवणे हा नेहमीच काळाचा दोष नसतो. १९४१-४२ साली फिस्क विद्यापीठ आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी मिसिसिपीतील कोहोमा परगण्यात लोकसंगीताचा संयुक्त अभ्यास केला. त्यातील ॲलन लोमॅक्स यांचे नाव जगास ठाऊक झाले. वर उल्लेखिलेल्या वर्क यांचे पुत्र जॉन वर्क (तिसरे) यांचे लेखन व स्वरलेखन मात्र दीर्घकाळ अप्रसिद्ध राहिले. ते 'लॉस्ट डेल्टा फाउंड' या नावाने २००५ साली छापले गेले. म्हणून पुराव्याचा शोध हा श्रेयाचाही शोध असतो.

मराठी अभ्यासकास या विषयाचे अगत्य का असावे, याचे उत्तर आपल्याच वाङ्‌मयात आहे. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. त्याच वर्षी, गुलामीत जन्मलेली ही मुले इंग्लंडात गाऊन स्वतःचे विद्यापीठ उभारीत होती. फुल्यांची कृतज्ञता अस्थानी नव्हती. परंतु मुक्तीच्या त्या इतिहासात मुक्त झालेल्यांच्या स्वतःच्या श्रमाचे प्रकरणही जोडावयास हवे, हे या गायकांच्या पुराव्यावरून दिसते. फुले हयात असतानाच फ्रेडरिक लाउडिन यांच्या नेतृत्वाखालील ज्युबिली गायकांची तुकडी आपल्या १८८४ ते १८९० च्या जगप्रवासात हिंदुस्थानात आली आणि आग्र्यास ताजमहालात तिने ही गीते गाइली. त्या गायनाची मुद्रिका नाही, चित्रफीतही नाही.

असा पुरावा हाती आला, तर त्याचे स्वागत अवश्य करावे. मात्र त्याच्या डब्यावर 'अस्सल' अशी चिठ्ठी लावण्यापूर्वी त्यावर गाणाऱ्यांची नावे, वर्ष, यंत्र, श्रोते आणि गैरहजर असलेल्यांची नोंद लिहावी. १९०९ च्या तबकडीवर एला शेपर्ड यांचा आवाज नाही, हे लिहून ठेवणे ती तबकडी जपून ठेवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.